छोटे उद्योग देशाची अर्थव्यवस्था कशी वाढवतात? आणि त्यात तुमच्या फोनचं काय काम?

आपण या साइटवर नेहमी नवीन फोन, अ‍ॅप, सेटिंग यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तो तुमच्या खिशातल्या फोनपर्यंत येऊन पोहोचतो.

बातम्यांमध्ये अर्थव्यवस्था म्हटलं की शेअर बाजार आणि मोठ्या कंपन्या दिसतात. पण तुमच्या ओळखीतले किती जण अशा मोठ्या कंपनीत कामाला आहेत? त्यापेक्षा जास्त लोक वर्कशॉप, यंत्रमाग, बेकरी, प्रिंटिंग प्रेस, गॅरेज, मसाल्याचा कारखाना अशा ठिकाणी काम करताना दिसतील. या छोट्या धंद्यांमुळे देशाची वाढ नेमकी कशी होते, ती कुठे अडते आणि ती अडू नये म्हणून कोणती डिजिटल साधनं उपलब्ध आहेत, हे मी या लेखात सोप्या भाषेत सांगणार आहे. घरात किंवा नात्यात कोणाचा धंदा असेल तर शेवटची यादी नक्की वाचा.

एमएसएमई म्हणजे नेमकं काय?

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना मिळून एमएसएमई म्हणतात. कोणता उद्योग कोणत्या गटात बसतो, हे दोन गोष्टींवर ठरतं: मशिनरीत किती पैसा घातला आहे आणि वर्षाची उलाढाल किती आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू असलेल्या मर्यादा अशा आहेत:

- सूक्ष्म उद्योग: गुंतवणूक २.५ कोटी रुपयांपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत
- लघु उद्योग: गुंतवणूक २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत
- मध्यम उद्योग: गुंतवणूक १२५ कोटींपर्यंत आणि उलाढाल ५०० कोटींपर्यंत

दोन्हीपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तरी उद्योग वरच्या गटात जातो. म्हणजे तुमच्या गल्लीतलं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आणि शेकडो कामगार असलेला कारखाना, दोघंही याच कुटुंबात येतात.

आकडे काय सांगतात?

सरकारी आकडेवारीनुसार देशाच्या एकूण मूल्यवर्धनात एमएसएमईंचा वाटा सुमारे ३० टक्के आहे. देशातून होणाऱ्या निर्यातीत त्यांनी बनवलेल्या मालाचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे.

२०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशात सुमारे ६.३४ कोटी असे उद्योग आणि त्यांत ११.१० कोटी रोजगार असल्याचं दिसलं. महाराष्ट्रात तेव्हा सुमारे ४७.७८ लाख उद्योग होते.

आता याच आकड्यांकडे जरा नीट बघा. ११.१० कोटी लोकांना ६.३४ कोटींनी भागलं तर एका उद्योगात सरासरी दोन माणसंही येत नाहीत! मालक आणि फार तर एखादा हाताखालचा माणूस. त्याच पाहणीत, तेव्हाच्या व्याख्येप्रमाणे, लघु उद्योग होते सुमारे ३.३ लाख आणि मध्यम उद्योग होते फक्त ५ हजारांच्या आसपास. बाकी सगळे सूक्ष्म.

आजच्या लेखातला मुख्य मुद्दा इथेच आहे. आपल्याकडे छोटे धंदे भरपूर सुरू होतात, पण त्यांतले फार थोडे मोठे होतात. दोन माणसांचा धंदा दहा माणसांचा झाला, की खरी वाढ दिसते.

अर्थव्यवस्था वाढते म्हणजे नेमकं काय होतं?

जीडीपी हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो. तो समजून घ्यायला गाडीचा एक छोटा पार्ट घेऊ.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागात फौंड्र्या आहेत. तिथे लोखंड वितळवून साच्यात ओततात आणि कास्टिंग तयार होतं. असं कास्टिंग पुण्याजवळ भोसरीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये येतं. तिथे टर्निंग, ड्रिलिंग, फिनिशिंग होतं. मग तयार पार्ट चाकणच्या वाहन कंपनीत जातो.

आता समजायला सोपे जावेत म्हणून काही आकडे धरू:

1. फौंड्रीने लोखंड, वाळू, वीज यांवर ७० रुपये खर्च केले आणि कास्टिंग १०० रुपयांना विकलं. तिने घातलेली भर ३० रुपये.
2. मशीन शॉपने १०० रुपयांचं कास्टिंग घेतलं, वीज आणि टूल्सवर २० रुपये खर्च केले आणि पार्ट १६० रुपयांना विकला. त्याने घातलेली भर ४० रुपये.

जीडीपीत १०० आणि १६० यांची बेरीज होत नाही. तशी केली तर तेच कास्टिंग दोनदा मोजलं जाईल. मोजली जाते ती प्रत्येकाने घातलेली भर, म्हणजे ३० अधिक ४०, एकूण ७० रुपये. यालाच मूल्यवर्धन म्हणतात.

हे ७० रुपये जातात कुठे? कामगारांचा पगार, शेडचं भाडं, बँकेचं व्याज, मशीनची झीज आणि मालकाचा नफा यांत. मोठी कंपनी चाकणला असली तरी त्यातला बराच पैसा कोल्हापूर आणि भोसरीत उतरतो. तो पगार मेसवाला, किराणा दुकान, मोबाइल रिचार्ज, मुलांची फी, घराचं भाडं असा पुढे फिरतो. एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याचं उत्पन्न. त्यामुळे एका वर्कशॉपने दोन माणसं जास्त घेतली, तरी फायदा त्या दोघांपुरता राहत नाही.

एकाच भागात एकसारखे धंदे का वाढतात?

इचलकरंजीत यंत्रमाग, सोलापुरात चादर आणि टॉवेल, सांगलीत हळद, कोल्हापुरात फौंड्री. हे असं का होतं, याचा कधी विचार केलाय?

एक फौंड्री सुरू झाली की साचे बनवणारा येतो, वाळू पुरवणारा येतो, भट्टी दुरुस्त करणारा येतो. काम शिकलेली पोरं तयार होतात. त्यांतलाच एखादा दहा वर्षांनी स्वतःची शेड टाकतो. दुसऱ्या फौंड्रीला या सगळ्या गोष्टी आयत्या मिळतात, त्यामुळे तिचा खर्च कमी होतो. यालाच क्लस्टर म्हणतात. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीने जमीन, रस्ते, पाणी अशा सोयी एका जागी दिल्यामुळे महाराष्ट्रात अशा अनेक वसाहती उभ्या राहिल्या.

इतिहासातही याचं मोठं उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे शेतीची अवजारं बनवायला सुरुवात केली आणि १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुकानापासून कारखान्यापर्यंतचा हा प्रवास आज किती धंदे करू शकतात, हाच खरा प्रश्न आहे.

मग धंदे मोठे का होत नाहीत?

कारणं बरीच आहेत: वीज, जागा, स्पर्धा, कुशल माणसांची टंचाई. पण मला जवळून दिसलेलं एक कारण म्हणजे अडकलेला पैसा.

माझ्या मामांचं भोसरीत छोटं मशीन शॉप आहे. ऑर्डर भरपूर. रात्रपाळी करून माल वेळेवर जातो. पण बिल दिल्यावर पैसे यायला ९० दिवस, कधी १२० दिवसही लागतात. एका मोठ्या पार्टीकडे मामा दर आठवड्याला फोन करायचे आणि पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "सिस्टिमला टाकलंय, पुढच्या सायकलमध्ये होईल."

मी एकदा विचारलं, "मामा, कायदा आहे ना? तक्रार का करत नाही?" ते म्हणाले, "अरे, तक्रार केली तर पेमेंट मिळेल, पण पुढची ऑर्डर कोण देणार? तू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण या उशिराची किंमत मोजता येते. समजा एका शॉपची महिन्याची विक्री ४ लाख रुपये आहे.

- पेमेंट ४५ दिवसांत आलं, तर कोणत्याही वेळी साधारण ६ लाख रुपये बाहेर अडकलेले असतात.
- पेमेंट ९० दिवसांनी आलं, तर १२ लाख अडकतात.

म्हणजे ६ लाख रुपये जास्तीचे. तेवढे पैसे बँकेकडून १२ टक्के व्याजाने घेतले तर वर्षाला ७२ हजार रुपये फक्त व्याज. महिन्याला ६ हजार. एका शिकाऊ मुलाला ठेवायला हातभार लागला असता तो पैसा व्याजात गेला. नवीन मशीनचा हप्ता तर लांबच राहिला. ऑर्डर हातात असूनही धंदा आहे तिथेच थांबतो.

कायदा काय सांगतो?

२००६ च्या एमएसएमईडी कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या पेमेंटसाठी स्पष्ट नियम आहेत:

- लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत पैसे द्यायचे, पण ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही.
- लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे.
- उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावं लागतं.

तक्रारीसाठी २०१७ मध्ये ‘समाधान’ हे सरकारी पोर्टल सुरू झालं. ऑनलाइन तक्रार केली की प्रकरण राज्याच्या सुविधा परिषदेकडे जातं. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकराचीही एक तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच करात दाखवता येतो. म्हणजे पैसे लांबवणाऱ्याच्या खिशालाही थोडी झळ बसते.

मध्यम उद्योग मात्र या ४५ दिवसांच्या संरक्षणात येत नाहीत. आणि ऑर्डर जाईल ही भीती कायद्याने पूर्ण जात नाही. म्हणूनच पुढचं साधन महत्त्वाचं आहे.

ट्रेड्स: बिल विकून लगेच पैसे

ट्रेड्स म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारे ऑनलाइन प्लॅटफॉर्म. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट ही त्यांतली नावं. काम असं चालतं:

1. छोटा उद्योग माल देतो आणि बिल प्लॅटफॉर्मवर टाकतो.
2. मोठी कंपनी ‘हो, हे बिल बरोबर आहे’ असं ऑनलाइन मान्य करते.
3. बँका आणि फायनान्स कंपन्या त्या बिलावर बोली लावतात.
4. उद्योजक कमी व्याजाची बोली निवडतो आणि व्याज कापून बाकी रक्कम त्याच्या खात्यात येते.
5. ठरलेल्या तारखेला मोठी कंपनी पैसे थेट बँकेला देते.

यात दोन फायदे आहेत. पहिला, व्याजाचा दर ठरताना मोठ्या कंपनीची पत बघितली जाते, त्यामुळे तो सहसा कमी पडतो. दुसरा, कंपनीने पैसे बुडवले तरी बँक छोट्या उद्योजकाकडे वसुलीला येत नाही. शिवाय भांडण न करता पैसे मिळतात, त्यामुळे ऑर्डरही टिकते.

२५० कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणी करणं आणि प्रत्येक बिल तिथे मान्य करणं यात फरक आहे. कंपनीने बिल मान्य केलंच नाही तर गाडी दुसऱ्या पायरीवरच थांबते. म्हणून ऑर्डर घेतानाच "तुम्ही ट्रेड्सवर बिल मान्य करता का?" हे विचारून घेतलेलं बरं.

आता तुमच्या फोनचं काम

छोट्या धंद्याला कर्ज न मिळण्याचं जुनं कारण म्हणजे पुरावा नसणं. धंदा चालतो हे सगळ्या गल्लीला माहीत, पण बँकेच्या कागदावर काहीच नाही. मग तारण ठेवायला जमीन किंवा सोनं लागतं.

यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि हे चित्र बदलायला लागलं. वडापावच्या गाडीवर तुम्ही १५ रुपये स्कॅन करून देता तेव्हा त्या काकांच्या खात्यात १५ रुपयांबरोबर एक नोंदही जाते. अशा हजारो नोंदी जमल्या की रोजची विक्री किती, कोणत्या महिन्यात मंदी, हे बँकेला दिसतं. जीएसटी भरणाऱ्यांची रिटर्न ही अशीच दुसरी नोंद.

या नोंदी बँकेपर्यंत सुरक्षित पोहोचवायला २०२१ पासून अकाउंट अ‍ॅग्रिगेटर ही व्यवस्था सुरू झाली आहे. आधी सहा महिन्यांचं स्टेटमेंट प्रिंट काढून, शिक्के मारून द्यावं लागायचं. आता फोनवर संमती दिली की एका बँकेतली माहिती दुसरीकडे जाते. संमती देताना चार गोष्टी वाचा: कोणती माहिती, कोणाला, कशासाठी आणि किती दिवसांसाठी. दिलेली संमती नंतर रद्दही करता येते. मधल्या अ‍ॅग्रिगेटर कंपनीला तुमची माहिती वाचता येत नाही, ती कुलूपबंद स्वरूपात पुढे जाते.

यामुळे कर्ज नक्की मिळेलच असं नाही. पण ‘जमीन आहे का?’ या प्रश्नाच्या जागी ‘धंदा कसा चालतो?’ हा प्रश्न येतो. भाड्याच्या गाळ्यात काम करणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

घरात धंदा असेल तर हे करा

1. उद्यम नोंदणी करा. आधार आणि पॅन लागतं. नोंदणी पूर्णपणे मोफत आहे आणि तिचं नूतनीकरण करावं लागत नाही. पैसे मागणाऱ्या, सरकारी वाटाव्यात अशा दिसणाऱ्या साइटपासून सावध राहा. खऱ्या पोर्टलच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं.
2. बिलावर उद्यम नंबर छापा. समोरच्याला पहिल्या दिवसापासून कळतं की ४५ दिवसांचा नियम लागू आहे.
3. मुदत लेखी घ्या. पर्चेस ऑर्डरवर पेमेंटचे दिवस लिहिलेले असू द्या. माल पोहोचल्यावर चलनावर सही आणि तारीख घ्या, फोटो काढून ठेवा.
4. धंद्याचं खातं वेगळं ठेवा. क्यूआर कोड घरखर्चाच्या खात्याला जोडला तर विक्री आणि खर्च यांची खिचडी होते.
5. पैसे घेताना पिन टाकू नका. यूपीआयवर पैसे मिळवायला पिन लागत नाही. कोणी सांगितलं तर समजा फसवणूक आहे.
6. झटपट कर्ज देणाऱ्या अनोळखी अ‍ॅपपासून लांब राहा. अ‍ॅपवर कर्ज देणारी बँक किंवा फायनान्स कंपनी कोणती आहे, हे आधी बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

किराणा दुकानाला उद्यम नोंदणी करता येते का?
हो. २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापारी नोंदणी करू शकतात. पण त्यांना फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच आहे. ४५ दिवसांचा पेमेंटचा नियम मुख्यतः वस्तू बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे.

जीएसटी नंबर नसेल तर?
कायद्याने ज्यांना जीएसटी नंबर घ्यावा लागत नाही, ते त्याशिवाय उद्यम नोंदणी करू शकतात.

तारण नसेल तर कर्ज मिळतं का?
२०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत छोट्या धंद्यांना तारणाशिवाय कर्ज मिळतं. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत. आधीचं तरुण कर्ज व्यवस्थित फेडलेल्यांसाठी ही मर्यादा २० लाखांपर्यंत आहे.

मोठ्या कंपन्यांची गरजच नाही असं म्हणायचंय का?
अजिबात नाही. मोठ्या कंपनीत एका कामगारामागे उत्पादन सहसा जास्त असतं आणि छोट्यांना ऑर्डरही तिथूनच येते. मुद्दा एवढाच की छोट्याला मोठं होण्याची वाट मोकळी हवी.

शेवटी एवढंच

मामांच्या शॉपमध्ये एका मशीनची जागा बऱ्याच दिवसांपासून रिकामी आहे. ऑर्डर आहे, जागा आहे, शिकायला तयार असलेली पोरंही आहेत. अडलंय ते फक्त वेळेवर येणाऱ्या पैशांमुळे. अशा रिकाम्या जागा राज्यातल्या कितीतरी शेडमध्ये असतील. त्या भरल्या की जीडीपीचा आकडा वाढेल आणि आयटीआय करून काम शोधणाऱ्या तुमच्या एखाद्या मित्राला नोकरीही लागेल.

तुमच्या घरी धंदा असेल तर आज संध्याकाळी आई-बाबांना एकच प्रश्न विचारा: "आपलं किती पेमेंट ४५ दिवसांपेक्षा जास्त अडकलंय?" उत्तर वहीत असेल तर ते फोनमध्ये उतरवून द्या, तारखेसकट. सुरुवात तिथूनच होते. ज्यांना याची गरज आहे त्यांच्यापर्यंत हा लेख नक्की पोहोचवा.